वर्तनात शहाण्णव

आयुष्यात मला एकाच विषयात शंभरपैकी शहाण्णव गुण मिळाले. तो विषय म्हणजे साहेबाच्या खोलीत शिरणे.

शिरणे, सांगितल्याशिवाय न बसणे, बसलंच तर खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसणे, बोलताना साहेबाच्या डोळ्यांकडे न पाहता कपाळाकडे पाहणे, आणि निघताना पाठ न दाखवता दारापर्यंत येणे. या सगळ्याला मिळून ‘वर्तन’ म्हणत, आणि हा विषय फिटरच्या वर्गात शिकवला जाई. फिटर म्हणजे लोखंड कापून, घासून एकात एक बसवणारा माणूस. त्याचा साहेबाच्या कपाळाशी काय संबंध, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे पंचवीस वर्षं त्याच कपाळावर पोट भरलं, तरी आजही कळलेलं नाही.

ही हकीकत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी “घाटकोपरला असताना” एवढंच म्हणायचा अवकाश, बायको ताटं उचलायला उठते आणि मुलं एकमेकांकडे बघतात. धाकटी तर तोंडावर विचारते, “बाबा, आज किती वाजता भांडुपला पोचणार?” म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. कागद बिचारा उठून जात नाही.

पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. मी कॉलेजात इंटरला दोनदा नापास झालो होतो. एकदा नापास होणं आमच्या नात्यात आजारपणात जमा होई; दुसऱ्यांदा झाल्यावर तो स्वभाव ठरे. वडील फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत ते संध्याकाळी कोट खुंटीला लावत म्हणाले, “डोक्याला काही येत नाही, तर हाताला तरी काही येऊ दे.” आत्या पाहुणी आली होती. ती आईला म्हणाली, “म्हणजे वहिनी, हा आता लोहार होणार?”

आई म्हणाली, “लोहार नाही हो वन्सं, फिटर. इंग्रजीतलं आहे.”

असा मी घाटकोपरच्या त्या वर्गात जाऊन पडलो. आग्रा रोडच्या कडेला, म्हशींच्या तबेल्याला लागून एक पत्र्याची शेड होती. पुढे पडदा लावलेली खोली, तिच्यात प्राचार्य. मागे शेड, तिच्यात आठ बाकं, बाकांना लोखंड पकडायचे शेगडे, आणि एक मिस्त्री. प्राचार्य ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. आधी ते शिवणयंत्रं विकत असत. मे महिन्यात कोट घालणारा तेवढ्या परिसरात तो एकच इसम, आणि आयुष्यात त्यांनी लोखंड घासायची कानस हाती धरली असलीच तर ती नखं घासायला. मिस्त्री रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. ते तपकीर ओढत आणि दिवसाला साधारण वीस शब्द बोलत. त्यातले दहा “वाकू नको” हे असत.

प्राचार्यांचा एक सिद्धान्त होता. जेवणाच्या सुट्टीनंतर, डोळे मिटायला लागत त्याच तासाला, ते तो मांडत. “कानस एका कारखान्यात चालते. वर्तन सगळ्या कारखान्यांत चालतं. आज तुम्ही फिटर आहात, उद्या विक्रेते व्हाल, परवा मॅनेजर. हत्यार बदलेल, धंदा बदलेल, पण वाकून नमस्कार? तो कुठेही न्या!” मग ते खुर्चीत साहेब होऊन बसत आणि आम्ही एकेक जण पडद्याबाहेरून टकटक करत असू. पडद्यावर टकटक होत नाही, म्हणून पडद्याशेजारच्या पत्र्यावर करायची. पत्रा असा काही वाजे की पलीकडच्या म्हशी उठून उभ्या राहत. 

वर्षाखेरीला कामाला शंभर गुण आणि वर्तनाला शंभर. माल दिसला पाहिजे, हे त्यांचं आवडतं वाक्य. माल म्हणजे आम्ही. आणि कुठल्याही अडचणीला तीन उत्तरं ठरलेली होती: “आभारी आहे, सर”, “क्षमा असावी, सर” आणि “मी शिकण्यास उत्सुक आहे, सर”. या तिन्हीत माझा हातखंडा. इंटरला दोनदा नापास झालेल्या माणसाला तिन्ही वाक्यं घरीच येत असतात.

माझ्या शेजारच्या बाकावर मालवणकडचा एक मुलगा होता. माझ्याच वयाचा, काटक, डावरा. त्याचा बाप गिरणीत विणकर होता; खातं बंद झालं तसा बायकोला घेऊन गावी गेला. हा घाटकोपरच्या टेकडीच्या उतारावर मामाच्या खोलीत राहिला होता. मामानं एक वर्षाची मुदत दिली होती. मेअखेर कुठल्या कारखान्यात चिकटलास तर राहा, नाहीतर पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधी शेवटच्या शनिवारच्या बोटीनं गावी चालता हो. गावी तीन काकांत वाटलेलं एक शेत होतं, आणि घासायला लोखंड कुठेच नव्हतं. आमच्या वर्गातून भांडुपचा एक कारखाना दरवर्षी एकच शिकाऊ घेत असे. त्याला ती जागा हवी होती. मलाही हवी होती, कारण आत्याला कळवायचं होतं.

तो कानस मारायला लागला की मिस्त्री तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता थांबत. पण वर्तनाच्या तासाला त्याची पार वाट लागे. कागद दे म्हटलं की डावा हात पुढे.

“उजवा!” प्राचार्य ओरडत. “साहेबाला डाव्या हातानं देतोस? मी साहेबाच्या जागी असतो तर तुला हाकलून दिलं असतं!”

“सायबाच्या जागी तुमीच आसात, सर,” तो अगदी मनापासून म्हणाला.

सगळा वर्ग हसला. त्याला शंभरपैकी बावीस गुण पडले.

आम्ही दोघांनी एक तह केला होता. वर्ग सुटल्यावर तो मला कानस शिकवणार आणि मी त्याला साहेबाच्या खोलीत शिरायला. माझी बाजू अशी चाले:

“हळू ये रे. पाय वाजवू नको.”

“इतक्या हळू कित्याक? सायब निजलो आसा काय?”

“आणि कपाळाकडे बघ.”

“कपाळात काय लिवलेला आसा?”

आणि त्याची बाजू अशी: “मेल्या पंत, वाकतंस कित्याक? खांद्यान मार. पुढे जाताना दाब, मागे येताना सोड. लोखंड काय तुझा दुश्मन आसा?” मला तो पंत म्हणे. आमच्या घरी तीन पिढ्यांत कोणी हातात लेखणीपेक्षा जड काही धरलं नव्हतं, हे त्याला माझ्या पहिल्याच फटक्यावरून कळलं होतं.

वर्षभराचा तह. तो शेवटपर्यंत पाय वाजवत राहिला आणि मी शेवटपर्यंत वाकत राहिलो. एकाची विद्या दुसऱ्याच्या अंगात सरकवता येते असं ज्यांना वाटतं, त्यांना मी आम्हा दोघांचं ते वर्ष भेट द्यायला तयार आहे.

शेवटचं काम सगळ्यांना एकच होतं. हाताएवढ्या चौकोनी पत्तीत चौकोनी भोक पाडायचं, आणि त्यात बसणारा चौकोनी ठोकळा करायचा. ठोकळा चारही बाजूंनी फिरवून बसला पाहिजे, आणि उजेडाकडे धरला तर फटीतून उजेड दिसता कामा नये. झालं की पत्तीच्या एका कोपऱ्यात पंच ठोकून आपला हजेरी क्रमांक उठवायचा. माझा नऊ, त्याचा सतरा.

मिस्त्रींनी माझं काम खिडकीकडे धरलं आणि म्हणाले, “यातून तबेल्यातल्या म्हशी मोजता येतील.” मला एक्केचाळीस गुण दिले. ते माझ्या वडिलांच्या वयाकडे पाहून दिले असावेत.

मग त्यांनी त्याचं काम घेतलं. ठोकळा बसवला, खिडकीकडे धरला. काढला, फिरवला, पुन्हा धरला. असं चारदा. उजेडाचा केसही आला नाही. मिस्त्री म्हणाले, “हं.” त्या वर्षी दुसऱ्या कोणाला ते ‘हं’ मिळालं नाही. त्याला अठ्ठ्याण्णव गुण पडले.

बेरीज करून बघा. माझे एकशे सदतीस, त्याचे एकशे वीस. भांडुपला जायला मी पात्र ठरलो.

गुरुवारी सकाळी प्राचार्यांनी मला पडद्याआड बोलावलं. मी पत्र्यावर टकटक करून, पाय न वाजवता शिरलो. टेबलावर दोन कामं होती, माझं आणि त्याचं. त्यांनी माझं एका बोटानं बाजूला सारलं. “हे नेऊन आपली शोभा करायची आहे का? उद्या हे ने,” असं म्हणत त्यांनी सतरा नंबरचं पुढे ढकललं. “कोपऱ्यातला आकडा घालवून तुझा घाल. आणि जरा चकचकीत कर. माल दिसला पाहिजे.”

मी उभाच होतो. बहुधा माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असावं.

“अरे, याला सहकार्य म्हणतात,” ते म्हणाले. “संस्थेचं काम म्हणून द्यायचं. त्याचं तर काही नुकसान नाही ना? त्याला वर्तनात बावीस आहेत, त्याला कोण घेणार?”

आता इथे मी काय म्हणालो, हे सांगताना मुलं माझ्याकडे अशी बघतात की जणू दरवेळी काही वेगळं म्हणेन. मी म्हणालो, “आभारी आहे, सर.”

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी त्याची पत्ती शेगड्यात धरली आणि सतरा घासायला लागलो. पंचाचा आकडा वरवर बसलेला नसतो, लोखंडाच्या आत गेलेला असतो. एक गेला, सात जाईना. जितका घासावा तितका कोपरा खाली जाऊ लागला, आणि माझ्या रेघा त्याच्या रेघांवर आडव्यातिडव्या पडल्या. शाळेत पाटीवर थुंकी लावून चूक पुसल्यावर दिसतं तसं ते दिसू लागलं. तेव्हा मी मोठा विद्वान असल्यासारखा एमरी पेपर आणला. एमरी म्हणजे लोखंडाला चकाकी आणणारा खरखरीत कागद. कानशीच्या कामाला तो लावायचा नसतो, हे मिस्त्रींनी वर्षभर सांगितलं होतं. पण प्राचार्यांनी चकचकीत कर म्हटलं होतं, आणि मला गुण कोणी दिले होते ते माझ्या ध्यानात होतं. कोपरा चांदीच्या वाटीसारखा लखलखला. त्यावर मी नऊ ठोकला.

तेवढ्यात तो जेवून परत आला. मी पत्तीवर फडकं टाकलं.

“काय रे पंत, आज जेवाक नाय?”

“उद्या जायचंय ना. म्हटलं जरा हात चालवावा.”

“झकास!” त्याला खरंच आनंद झाला. “बघू, उभो रव. असो नाय, असो.” आणि त्यानं माझ्यामागे येऊन माझं कोपर धरून वर उचललं, खांदा दाबून खाली घेतला. “हां. आता मार.” शेगड्यात फडक्याखाली त्याचीच पत्ती होती. मी कानस हवेतच दोन-चारदा पुढेमागे केली. “शिकलंस शेवटी,” तो म्हणाला. “आणि सायबाक दोन्ही हातांनी दी हां. तूच सांगतंस ना?”

शुक्रवारी मिस्त्रींनी आपली सायकल दिली. मला वाटतं, वर्षभरात त्यांनी माझ्यासाठी आपणहून केलेली ती एकच गोष्ट, आणि तीही मी काय घेऊन निघालो आहे ते माहीत नसताना. आग्रा रोडनं विक्रोळीच्या पुढे उजवीकडे मिठागरांचं खाजण लागलं. उन्हात मिठाचे ढीग डोळ्यांत खुपत होते. खिशात इस्त्रीच्या रुमालात ती पत्ती आणि ठोकळा. वाटभर मी वाक्यं घोकत होतो.

भांडुपच्या कारखान्यात शिपायानं मला फोरमनकडे नेलं. आणि तिथे माझ्या वर्षभराच्या अभ्यासाला पहिला तडा गेला. टकटक करायला दारच नव्हतं. यंत्रांच्या मधोमध तारेची जाळी लावलेली एक जागा, तिला आत शिरायला एक भगदाड. आत एकच खुर्ची, तिच्यावर फोरमन. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागाचा प्रश्नच मिटला. आणि कपाळ? त्यानं टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. मी टोपीकडे पाहत उभा राहिलो.

“वर्गातून आलास? काम दाखव.”

मी दोन्ही हातांनी रुमाल पुढे केला. त्यानं पत्ती घेतली आणि रुमाल मला परत दिला. “बारसं आहे काय कोणाचं?”

मग त्यानं ठोकळा बसवून उजेडाकडे धरला. चारदा फिरवला. “फिटिंग झकास आहे,” तो म्हणाला. माझ्या जिवात जीव आला. मग त्यानं पत्ती आडवी करून डोळ्याजवळ नेली, आणि अंगठा तिच्यावरून हळू फिरवला. कोपऱ्यापाशी अंगठा थांबला.

“हा खड्डा कसला? इथं एमरी कोणी मारली?”

“मी, साहेब.”

“साहेब तिकडे ऑफिसात. मी फोरमन. का मारलीस?”

“माल दिसला पाहिजे, सर,” मी म्हणालो.

त्यानं खाली वाकून एक भंगार तुकडा उचलला, समोरच्या शेगड्यात आवळला आणि माझ्या हातात कानस दिली. “मार.”

मी मारली. वाकून. चारच फटके झाले असतील.

“पुरे.” त्यानं तुकडा सोडवून पत्तीशेजारी ठेवला. दोन्हीवरच्या रेघा मलासुद्धा दिसल्या. पत्तीवरच्या एका बाजूला झुकलेल्या, माझ्या दुसऱ्या बाजूला. कानस मारणाऱ्याचा हात ज्या अंगाचा, तशा त्या झुकतात. वर्षभर त्याच्या शेजारी उभा राहून मला हे कधी दिसलं नव्हतं, कारण मी कपाळं बघायला शिकत होतो.

“हे डावऱ्याचं काम आहे,” फोरमन म्हणाला. “तू उजवा. डावरा कुठाय?”

“क्षमा असावी, सर. मी शिकण्यास उत्सुक आहे.”

“ते कळलं रे. डावरा कुठाय?”

घरी सांगताना या जागी मी थोडा थांबतो. तेव्हाही थांबलो होतो. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं: तो गावी गेला. त्यात खोटं तरी किती होतं? शनिवारच्या बोटीनं तो जाणारच होता. उद्याचं खरं मी आज सांगत होतो, एवढंच. फोरमनच्या पुढ्यात शिकाऊ उमेदवाराचा कोरा फॉर्म पडला होता. त्याच्यापुढे मी आणि पत्ती, दोघंच. आणि पत्ती बोलून चुकली होती.

“फॉर्म एकच आहे,” तो म्हणाला. “पाचला ऑफिसात द्यायचा. डावरा मिळतो की नाही, तेवढं बोल.”

“घाटकोपरला आहे,” मी म्हणालो.

हे माझ्या तोंडून सद्गुणामुळे निघालं, असं कृपा करून समजू नका. आमच्याकडे प्रश्न ठरलेले असत आणि उत्तरंही. हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. तयारी नसल्यामुळे खरं बाहेर पडलं.

“मग इथं काय उभा? घेऊन ये.” त्यानं पत्ती माझ्या हातात कोंबली. मी पाठ न दाखवता निघालो आणि मागच्या यंत्रावर आदळलो.

भर उन्हात सायकल हाणत घाटकोपरला आलो, टेकडीचा उतार चढलो. तो मामाच्या खोलीबाहेर पायरीवर बसून बोचकं बांधत होता. जुन्या बाजारात घेतलेली स्वतःची एक कानस त्याच्याकडे होती. ती तो धोतराच्या फडक्यात गुंडाळत होता. मी त्याला सगळं सांगितलं. प्राचार्य, सतरा, नऊ, फोरमन, सगळं. मी पत्ती पुढे केली. त्यानं डाव्या हातात घेतली, उन्हात तिरपी धरली आणि कोपऱ्याकडे पाहत राहिला.

“एमरी?” तो म्हणाला.

“हो.”

“एमरी मारलंस? कानशीच्या कामाक?”

“अरे, नंबर घालवायचा होता ना...”

“नंबर घालव नायतर तुझ्या बापाशीचा नाव घाल! पण एमरी कित्याक मारलंस?” त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं होतं, तो मला चोर म्हणेल, हाकलून देईल. मी त्याची तयारी करून आलो होतो. तीन वाक्यं तयार होती. पण तो कोपऱ्यावर अंगठा घासत राहिला. “माझो कोपरो खाल्लंस, मेल्या. आता हेचा मी काय करू?”

“पाचला फॉर्म द्यायचाय. चल ना रे.”

तो उठला, मग थांबला. “माका तां तुझा काय येना नाय. टकटक, कपाळ... सगळा विसारलंय.”

“काही लागत नाही,” मी म्हणालो. “तिथं दारच नाही.”

माझ्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून सायकल त्यानं मारली आणि मी मागे कॅरियरवर बसलो. बोचक्यातली कानस काढून त्यानं माझ्या हातात दिली होती. भांडुपपर्यंत तो एकच विषय बोलला. “चार बाजू झाल्या होत्या. चारय. कोपरो तेवढो रवलो असतो तर...” विक्रोळीला पुन्हा, “पण एमरी?” खाजणावरून वारा येत होता, मिठाचा वास येत होता, आणि मी शहाण्णव गुणांचा माणूस कॅरियरवर बसून “हो रे, चुकलं रे” म्हणत होतो.

पावणेपाचला पोचलो. तो पाय वाजवत त्या भगदाडातून आत शिरला आणि मी शिकवलेलं जेवढं त्याला आठवलं तेवढं म्हणाला, “गुड मॉर्निंग, सर.”

“गप,” फोरमन म्हणाला. “डावरा तूच?”

“होय.”

“हा कोपरा कोणी बिघडवला?”

माझी मान खाली. मनात आलं, तो काहीतरी सावरून घेईल. मित्र आहे, आणि असल्या वेळी सावरून कसं घ्यायचं ते मी त्याला वर्षभर शिकवलं होतं. त्यानं डावा हात सरळ माझ्याकडे केला.

“ह्येनी. माझो हात असो नाय.”

“माहीत आहे,” फोरमन म्हणाला. त्यानं फॉर्म पुढे ढकलला, आणि डावऱ्यानं डाव्या हातानं सही केली. कोणी “उजवा!” म्हणून ओरडलं नाही. यंत्रं चालू होती, ती चालूच राहिली. निघताना मी फोरमनला म्हणालो, “आभारी आहे, सर.” त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारची बोट त्याला न घेता गेली. पुढे पंधरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जागेसाठी नव्हे, एमरीसाठी.

त्याच शनिवारी सकाळी मी प्राचार्यांना घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “निघताना आभार मानलेस ना?”

“मानले.”

“मग झालं तर.”

आठवड्याच्या आत वर्गाच्या दारावर नवी पाटी लागली: ‘आमच्या वर्तन-तासाचे फळ! विद्यार्थी भांडुपच्या कारखान्यात.’ बावीस गुणांचं ते फळ रोज सकाळी त्या पाटीसमोरून भांडुपला जाई. मला मात्र आतून बोलावणं आलं. वर्तनाचा तास आता वाढवायचा होता, आणि प्राचार्यांना एकट्याला झेपत नव्हतं. जूनपासून मी शिकवीन का?

मी काय म्हणालो ते तुम्हाला आता ठाऊक आहे. माझ्याजवळ त्या प्रसंगाला एकच वाक्य होतं.

मिस्त्रींना सांगायला गेलो तेव्हा ते सायकलची साखळी बसवत होते. त्यांनी तपकीर ओढली, नाक पुसलं आणि म्हणाले, “बरं झालं. लोखंड वाचलं.”

जूनमध्ये प्राचार्यांनी मला गुणांचा तक्ता दिला. टकटक, दहा. चाल, दहा. कपाळ, वीस. आणि खाली, ‘उजवा हात, दहा’. तो खोडायची हिंमत माझ्यात नव्हती. ती कुठल्याच तासाला शिकवली गेली नव्हती. पुढे मी दुसऱ्या वर्गांत गेलो, मोठ्या संस्थांत गेलो, विषयाची नावं तीनदा बदलली, प्रत्येक नाव आधीच्यापेक्षा लांब. तक्ता थोड्याफार फरकानं तोच राहिला. मात्र एखाद्या विद्यार्थ्यानं कागद द्यायला डावा हात पुढे केला, की मी त्या क्षणी खिडकीबाहेर बघत असे, आणि दहापैकी दहा देत असे. माझ्या पंचवीस वर्षांच्या अध्यापनात मी केलेलं काम तेवढंच. उरलेल्या नव्वद गुणांत काय शिकवलं ते विचारू नका. कपाळच शिकवलं.